चिरकारी स्वादुपिंडदाह : छातीतील उपद्रव

स्वादुपिंडाच्या जुनाट दाहाचे बहुतेक त्रास पोटाच्या आसपासच राहतात : वरच्या पोटात उठून पाठीत जाणारी कळ, तेलकट शौच, घटत जाणारे वजन, पुढे मधुमेह. क्वचित मात्र या ग्रंथीतून गळणारा पाचक रस श्वासपटल ओलांडून छातीत शिरतो आणि फुप्फुसाभोवती, दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत, हृदयाच्या आवरणात किंवा थेट श्वासनलिकेत जाऊन पोहोचतो. यांतला त्यातल्या त्यात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे स्वादुपिंड व फुप्फुसावरण यांना जोडणारा फिस्टुला, म्हणजे रसाने स्वतःच पाडलेली चोरवाट. चिरकारी स्वादुपिंडदाहाच्या सुमारे ०.४ टक्के रुग्णांत तो दिसतो. ज्यांच्या स्वादुपिंडाभोवती रस साचून पुटी तयार झाली आहे, त्यांच्यात हे प्रमाण ४.५ टक्क्यांच्या आसपास जाते. एवढा दुर्मीळ असूनही त्याची सविस्तर ओळख असायला हवी, कारण तो पकडून देणारी तपासणी अगदी साधी आहे आणि ती करायचे सुचलेच नाही म्हणून रुग्ण महिनोन्महिने भलत्याच रोगाचे औषध घेत राहतात.

रस छातीत कसा पोहोचतो : स्वादुपिंड जठराच्या मागे, पोटाच्या मागच्या भिंतीला लागून, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यांसमोर आडवे असते. त्याचे डोके उजवीकडे आद्यांत्राच्या (लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या) कमानीत आणि शेपटी डावीकडे प्लीहेपाशी असते. रोज साधारण दीड लिटर रस तयार होऊन मुख्य नलिकेतून आद्यांत्रात उतरतो. वर्षानुवर्षे दाह चालू राहिला की ही नलिका जागोजागी आकसते आणि तिच्यात कॅल्शियमचे खडे अडकतात. पुढे वाट नसल्याने मागे दाब वाढतो आणि नलिका किंवा तिला जोडलेली पुटी फुटते. ती नेमकी कुठे फुटते यावर पुढचे सगळे अवलंबून असते. समोरच्या बाजूने फुटली तर रस पोटाच्या पोकळीत सांडतो आणि जलोदर होतो. मागच्या बाजूने फुटली तर तो पर्युदरामागच्या (पोटाच्या पोकळीच्या अस्तरामागच्या) सैल ऊतींत शिरतो, आणि तिथून वर जायला वाट तयारच असते.

श्वासपटलाला मुळातच तीन मोठी दारे आहेत. अधोमहानीला (शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर) आठव्या, अन्ननलिका दहाव्या आणि महारोहिणी बाराव्या वक्षीय मणक्याच्या पातळीवर त्यातून आरपार जाते. यांपैकी अन्ननलिकेचे आणि महारोहिणीचे दार स्वादुपिंडाच्या वरच पडते, म्हणून रस बहुधा तिथूनच चढतो. क्वचित, विशेषतः शेपटीकडचा बिघाड असेल तर, तो श्वासपटलच कुरतडून थेट वर जातो. प्रत्येक श्वासाबरोबर छातीतला दाब उतरतो आणि पोटातला चढतो. त्यामुळे एकदा वाट पडली की रस दर श्वासाला वर ओढला जातो. ही वाट आपोआप बुजण्याची शक्यता कमी असते ती याच कारणाने.

एवढा जहाल रस छातीत लिटर-लिटर साचूनही रुग्णाला भाजल्यासारख्या वेदना कशा होत नाहीत, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. प्रथिने पचवणारी विकरे स्वादुपिंडातून निष्क्रिय रूपात बाहेर पडतात आणि आद्यांत्राच्या अस्तरातील एंटरोकायनेज भेटल्यावरच जागी होतात. फुटलेल्या नलिकेतून गळणाऱ्या रसाची ही भेट झालेलीच नसते. म्हणून तो मुकाट्याने साचत जातो, आणि आजार पोटाचा असूनही रुग्ण दम लागतो म्हणून दवाखान्यात येतो.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील शल्यविशारद जॉन कॅमेरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये स्वादुपिंडजन्य जलोदर आणि स्वादुपिंडजन्य छातीतले पाणी यांचा एकत्र विचार मांडला : बिघाड एकच, नलिकेची गळती, फरक फक्त रस कुठे वाहतो याचा. आजचे उपचार याच विचारावर उभे आहेत. छातीतले पाणी कितीही वेळा काढले तरी नलिकेची गळती थांबेपर्यंत ते पुन्हा भरणार, ही गोष्ट रुग्णाच्या घरच्यांनाही पहिल्याच भेटीत सांगून ठेवायला हवी.

तीव्र स्वादुपिंडदाहातही छातीत पाणी होते, पण ते प्रकरण वेगळे. तिथे श्वासपटलाखालच्या दाहाची झळ लागून, बहुधा डाव्या बाजूला, थोडेसे पाणी येते आणि मूळ दाह ओसरला की आपोआप जिरते. या नोंदीतले पाणी भरपूर असते, पुनःपुन्हा भरते आणि त्यामागे प्रत्यक्ष वाट असते.

रुग्ण आणि लक्षणे : रुग्ण बहुतांशी चाळिशी-पन्नाशीतले पुरुष असतात आणि त्यांच्यामागे अनेक वर्षांचे दारूचे व्यसन असते. बहुतेकांची तक्रार दम लागण्याची असते. बरोबर खोकला आणि छातीत दुखणे. पोटदुखी निम्म्यांहून कमी रुग्णांत आढळते. कित्येकांना तर आपल्या स्वादुपिंडाला काही झाले आहे याची तोपर्यंत कल्पनाच नसते. क्ष-किरण फोटोत एका बाजूचे अर्धे फुप्फुस, कधी पूर्ण बाजूच पांढरी दिसते. साधारण तीन-चतुर्थांश रुग्णांत पाणी डाव्या बाजूला असते; उरलेल्यांत उजवीकडे किंवा दोन्हीकडे. प्रथिनांनी भरलेला रस असा रोज वाया जात असल्याने रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन घसरते, अंगावरचे मांस झडते आणि रुग्ण खंगत जातो. नळीतून पाणी निघत राहावे आणि माणूस वाळत जावा, हे चित्र पाहून घरचे लोक धास्तावतात ते उगाच नव्हे.

निदान कुठे चुकते : महाराष्ट्रात, किंबहुना सगळ्या भारतात, छातीत एका बाजूला पाणी झाले की पहिले नाव क्षयाचे येते. ते चूकही नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी जवळपास एक-चतुर्थांश भारतात आहेत. त्यात रुग्ण वाळलेला, खोकणारा आणि पाण्यात प्रथिने जास्त. मग ‘छातीत पाणी झालंय, टीबीच असणार’ असे म्हणून सहा महिन्यांची एकेटी, म्हणजे क्षयाची औषधे, चालू होते. पाणी काढल्यावर आठ-पंधरा दिवस बरे वाटते, त्यामुळे औषध लागू पडते आहे असा समजही होतो. ते पुन्हा भरले की औषधाला दाद न देणारा क्षय असावा अशी शंका घेतली जाते. यात वेळ जातोच, शिवाय आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधे यकृताला त्रास देऊ शकतात, आणि दारूने आधीच पोखरलेल्या यकृतावर ती विनाकारण लादली जातात. पाण्यातील एडीए (अ‍ॅडेनोसिन डिअमिनेज हे विकर) लिटरला ४० युनिटांच्या वर असणे क्षयाच्या बाजूने बोलते हे खरे. परंतु पू झालेल्या पाण्यात आणि संधिवाताशी निगडित पाण्यातही एडीए वाढते. त्यामुळे केवळ एका आकड्यावर निकाल देऊन फाइल बंद करणे बरे नव्हे.

दुसरी चकवणारी वाट यकृताची. रुग्ण पिणारा आहे म्हटल्यावर सिऱ्होसिसमुळे, म्हणजे यकृत निबर झाल्यामुळे, छातीत पाणी आले असेल असे वाटते. ते पाणी बहुधा उजव्या बाजूला असते आणि त्यात प्रथिने कमी असतात. स्वादुपिंडजन्य पाण्यात प्रथिने दर शंभर मिलिलिटरला ३ ग्रॅमच्या वर असतात. एवढा फरक पाहिला तरी घोळ निम्म्याने सुटतो. तिसरी शंका कर्करोगाची, आणि ती गांभीर्याने घ्यायलाच हवी, कारण वजन घटणे आणि रक्तमिश्रित पाणी ही दोन्ही लक्षणे इथेही असतात.

पाण्यातील अमायलेज : अमायलेज हे स्वादुपिंडाच्या रसातले, पिष्ट पचवणारे विकर. निदानाची गुरुकिल्ली इथे आहे. रुग्णाला खाटेच्या कडेला बसवतात, समोरच्या टेबलावर उशी ठेवून हात टेकायला सांगतात आणि जागा बधिर करून पाठीतून सुई घालतात. बरगडीच्या खालच्या कडेने रक्तवाहिन्या आणि चेता जातात, म्हणून सुई नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या काठावरून आत नेतात. येणारे पाणी कधी पिवळसर, बरेचदा लालसर किंवा काळपट तपकिरी असते. एका वेळी साधारण दीड लिटरपेक्षा जास्त काढत नाहीत. दबलेले फुप्फुस एकदम फुलले तर त्यालाच सूज येण्याचा धोका असतो. मग नमुने निघतात : प्रथिने, साखर, एलडीएच, पेशी, एडीए, जंतूंची वाढ, कर्करोगाच्या पेशी. या नेहमीच्या यादीत अमायलेज सहसा नसते. ते फॉर्मवर वेगळे लिहून मागावे लागते. दारूचा इतिहास, पूर्वीची पोटदुखी किंवा पुनःपुन्हा भरणारे पाणी, यांपैकी एक जरी असले तरी तो एक शब्द लिहायला विसरू नये.

रक्तातील अमायलेजची नेहमीची पातळी प्रयोगशाळेनुसार लिटरला शंभर-सव्वाशे युनिटांपर्यंत असते. फिस्टुला असलेल्या रुग्णाच्या छातीतल्या पाण्यात ती बहुधा हजाराच्या वर आणि कित्येकदा दहा हजारांच्या पुढे जाते. एवढा आकडा यंत्राच्या मोजमापात बसत नाही, म्हणून तंत्रज्ञाला नमुना पातळ करून पुन्हा लावावा लागतो. रक्तातील अमायलेज मात्र नेहमीएवढेच किंवा थोडेसेच वाढलेले असू शकते, कारण जुनाट दाहाने ग्रंथी झिजलेली असते. जी वाढ दिसते ती बव्हंशी छातीतल्या पाण्यातून रक्तात शोषलेल्या अमायलेजमुळे. तेव्हा रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून स्वादुपिंडाला निर्दोष ठरवू नये. अन्ननलिका फाटल्यावर लाळेतले अमायलेज छातीत उतरते, आणि फुप्फुसाच्या किंवा अंडाशयाच्या काही कर्करोगांतही पाण्यात अमायलेज वाढते. पण फिस्टुलाइतके प्रचंड आकडे तिथे सहसा दिसत नाहीत. शंका राहिली तर लायपेज (चरबी पचवणारे विकर) पाहावे, किंवा अमायलेज लाळेचे की स्वादुपिंडाचे हे वेगळे काढता येते.

वाटेचा शोध : सीटी स्कॅनमध्ये झिजलेली ग्रंथी, तिच्यातले खडे, पुटी आणि छातीतले पाणी एकाच वेळी दिसते, पण चोरवाट इतकी बारीक असू शकते की ती त्यात निसटते. म्हणून आज पहिली पसंती एमआरसीपीला, म्हणजे पित्त व स्वादुपिंडाच्या नलिकांच्या एमआरआयला, आहे. या तपासणीत सुई-दुर्बीण काही लागत नाही; स्थिर द्रव पांढराशुभ्र दिसेल अशा पद्धतीने एमआरआय काढतात. काळ्या पार्श्वभूमीवर फुगलेली, वाकडीतिकडी स्वादुनलिका आणि तिच्यापासून निघून मणक्याच्या पुढून वर श्वासपटलाकडे गेलेली पांढरी रेघ दिसली की शंकेला जागा राहत नाही. नलिका पुढे पूर्ण बंद असली तरी तिच्यामागचा भाग एमआरसीपीत दिसतो. ईआरसीपीत, म्हणजे दुर्बिणीतून नलिकेत रंगद्रव्य सोडून क्ष-किरण फोटो काढतात त्या तपासणीत, ते रंगद्रव्य अडथळ्यापर्यंतच जाते. ईआरसीपीचा फायदा वेगळा : निदान करतानाच उपचारही करता येतो. अमेरिकेतील शल्यविशारद विल्यम मॅक्यून यांनी १९६८ मध्ये दुर्बिणीतून या नलिकेत पहिल्यांदा रंगद्रव्य सोडले. त्याआधी नलिका पाहायची तर पोट उघडावेच लागे.

उपचार : पहिले काम श्वास मोकळा करण्याचे. बरगड्यांमधून नळी टाकून पाणी काढतात. दुसरे काम रस कमी करण्याचे. तोंडाने खाणे बंद ठेवून नाकातून लहान आतड्यात खोलवर नेलेल्या बारीक नळीने, ते जमले नाही तर शिरेतून पोषण देतात. सोबत ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शने. शरीरातील सोमॅटोस्टॅटिन हे रस आवरणारे संप्रेरक रक्तात दोन-तीन मिनिटेच टिकते. त्याच्याच धर्तीवर बनवलेले ऑक्ट्रिओटाइड दीड तासाहून जास्त टिकते, म्हणून ते त्वचेखाली दिवसातून तीनदा देऊन भागते. एवढ्यावर निम्म्याच्या आसपास रुग्ण सुधारतात, पण काही आठवडे जातात आणि पाणी उलटण्याची भीती राहते. त्यामुळे केवळ औषधांवर रुग्णाला दीर्घकाळ झुलवत ठेवण्यापेक्षा नलिकेकडे लवकर वळावे, असाच आता अनुभवी डॉक्टरांचा कल आहे.

दुर्बिणीतून आद्यांत्रात उतरून स्वादुनलिकेचे तोंड मोकळे करतात आणि आत प्लॅस्टिकचा बारीक स्टेंट बसवतात. तो फुटलेल्या जागेच्या पलीकडे पोहोचला तर उत्तम. तसे जमले नाही, पण पुढचा अडथळा ओलांडता आला, तरी दाब उतरतो, रस आपल्या जुन्या वाटेने आतड्यात जाऊ लागतो आणि छातीकडची वाट कोरडी पडून बुजते. खडा मोठा असेल तर आधी शरीराबाहेरून आघातलहरी देऊन त्याचा चुरा करतात. या पद्धतीचा मोठा अनुभव भारतातच आहे. हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीने हजारो रुग्णांवर तिचा वापर केला आहे. स्टेंट काही आठवडे ते काही महिने ठेवतात आणि तो बुजण्याआधी बदलतात. घरी गेलेला रुग्ण बरे वाटले म्हणून ही तारीख चुकवतो आणि तुंबलेल्या स्टेंटने ताप घेऊन परत येतो, हे टाळण्यासाठी तारीख डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहून देणे फार मोलाचे.

नलिका पूर्ण तुटलेली किंवा स्टेंट जाणार नाही इतकी आकसलेली असेल तर शस्त्रक्रिया उरते. बिघाड शेपटीत असेल तर तो भाग काढतात. नलिका सगळीकडे फुगली असेल तर ती उभी उघडून लहान आतड्याची वळकटी तिला जोडतात. छातीतली वाट शोधून कापण्याची गरज बहुधा पडत नाही. शेपटीबरोबर प्लीहा काढावी लागणार असेल तर शक्यतो आधीच न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस या जंतूंविरुद्धच्या लशी देतात. पाणी फार दिवस राहून फुप्फुसावर जाड साल बसली असेल किंवा पू झाला असेल, तर ती साल सोलून काढण्याची वेगळी शस्त्रक्रिया करावी लागते. उशिरा झालेल्या निदानाची ही किंमत असते.

मध्यावकाशातील पुटी : रस फुप्फुसावरण न फोडता दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत, मणक्यापुढे साचून राहिला तर तिथे आवरण धरून पुटी बनते. तिला खरे अस्तर नसते, म्हणून तिला स्यूडोसिस्ट म्हणतात. ती अन्ननलिकेला दाबते तेव्हा घास अडकतो, आधी घट्ट आणि मग पातळही. हृदयाला आणि मोठ्या नीलांना दाबली तर धाप लागते आणि पाय सुजतात. तिथे जन्मजात पुटी आणि मज्जासंस्थेच्या गाठीही होऊ शकतात, म्हणून गफलत होते. पण सीटीमध्ये पुटीची शेपूट अन्ननलिकेच्या दारातून खाली स्वादुपिंडापर्यंत जाताना दिसली की उलगडा होतो. उपचार पुन्हा नलिकेचाच. कधी जठरातून किंवा अन्ननलिकेतून सोनोग्राफी-दुर्बिणीच्या साह्याने पुटीला छेद देऊन ती रिकामी करतात; अन्ननलिकेतून जाताना मध्यावकाशात जंतुसंसर्ग होऊ नये याची काळजी घ्यावी लागते.

हृदयावरणातील पाणी : हा प्रकार फार विरळ, पण सर्वांत घातक. हृदयाभोवतीच्या पिशवीत रस शिरला आणि वेगाने साचला तर हृदयाला फुलायला जागा उरत नाही. मानेच्या शिरा फुगतात, रक्तदाब कोसळतो, ठोके दूरून आल्यासारखे ऐकू येतात. इकोने (हृदयाच्या सोनोग्राफीने) तत्काळ खात्री करून छातीच्या हाडाच्या टोकाखालून सुई घालून पाणी काढावे लागते. काढलेल्या त्या पाण्याचेही अमायलेज पाहावे.

रक्तस्राव : रसाने जवळच्या रोहिणीची भिंत झिजली की तिथे रक्ताचा फुगा तयार होतो. बहुधा ही प्लीहेची रोहिणी असते, कारण ती स्वादुपिंडाच्या वरच्या काठानेच जाते. हा फुगा चोरवाटेत किंवा पुटीत फुटला तर छातीत रक्त भरते. छातीतल्या नळीतून अचानक ताजे रक्त येऊ लागणे किंवा हिमोग्लोबिन विनाकारण उतरणे याकडे काणाडोळा करू नये. रक्तवाहिन्यांचा सीटी काढून, मांडीतल्या किंवा मनगटातल्या रोहिणीतून बारीक नळी नेऊन धातूच्या कॉइलनी तो फुगा बंद करतात. कोणत्याही पुटीला दुर्बिणीतून छेद देण्याआधी असा फुगा नाही ना, हे पाहून घेण्याचा दंडक याच भीतीपोटी आहे.

श्वासनलिकेत उघडणारा फिस्टुला त्याहूनही विरळ असतो. रुग्णाला वाटीभर पातळ, तपकिरी बेडका पडतो आणि आडवे झाल्यावर खोकल्याची उबळ वाढते. बेडक्यातले अमायलेज निदान करून देते.

उष्ण कटिबंधातील रुग्ण : पाश्चात्त्य वर्णनांत दारू केंद्रस्थानी आहे, भारतात मात्र तेवढ्यावर विसंबून चालत नाही. केरळात पी. जे. गीवर्गीस यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्याचा विस्तृत अभ्यास केला, तो खडेयुक्त स्वादुपिंडदाह दारूला कधी न शिवलेल्या तरुण मुला-मुलींत होतो. लहानपणापासून अधूनमधून पोटदुखी, विशीच्या आसपास मधुमेह आणि पोटाच्या साध्या क्ष-किरण फोटोतही दिसणारे मोठाले खडे, असा त्याचा क्रम असतो. स्पिंक-१ या जनुकातील बदल अशा बऱ्याच रुग्णांत सापडतो. नलिका तुंबण्याचे तंत्र तेच असल्याने छातीतले उपद्रवही यांना होऊ शकतात. लहान मुलांत याखेरीज पोटाला लागलेला मार, उदाहरणार्थ सायकलचे हँडल पोटात घुसणे, आणि आनुवंशिक स्वादुपिंडदाह ही कारणे असतात. आनुवंशिक प्रकाराशी जोडलेला पीआरएसएस-१ जनुकातील दोष १९९६ मध्ये सापडला. अशा रुग्णाला, विशेषतः तरुण मुलीला, दारूचा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. तिच्या आईला विचारावे : शाळेत असताना हिचे पोट दुखायचे का, साखर कधी वाढली होती का, शौच तेलकट होते का. या उत्तरांवरून पाण्याच्या नमुन्यावर अमायलेज लिहायचे की नाही हे ठरते.